चुलीचा हिशेब जोडण्यांवर नको, जळणावर हवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हवामानबदलाच्या चर्चेत सोलापूर जिल्ह्याचे नाव येते ते बहुतेक वेळा दुष्काळ, उजनीची पाणीपातळी किंवा वैशाखातले तापमान यांच्या निमित्ताने. प्रदूषणाचा विषय निघाला की फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प, साखर कारखान्यांची धुराडी आणि रस्त्यावरची वाहने यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु जिल्ह्याच्या गावागावांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत रोज सकाळ-संध्याकाळ पेटणाऱ्या चुलीतून हवेत काय जाते, याचा विचार कुठल्याच बैठकीत फारसा होताना दिसत नाही. त्यासंबंधी काही मुद्दे आपल्या दैनिकातून वाचकांपुढे आणि प्रशासनापुढे मांडावेत, यासाठी हे पत्र.

जगात आजही दोनशे कोटींहून अधिक लोक लाकूड, लोणारी कोळसा, शेण, पिकांचे अवशेष, दगडी कोळसा किंवा रॉकेल यांवर स्वयंपाक करतात. त्यांतले बहुसंख्य आशिया आणि आफ्रिकेतील विकसनशील देशांत राहतात. सरपण आणि लोणारी कोळसा यांच्या जागतिक वापराचा सविस्तर अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या जळणातून वर्षाला १०० ते १२० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते आणि मानवी कारणांनी होणाऱ्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा सुमारे दोन टक्के भरतो. जगभरच्या विमानवाहतुकीच्या उत्सर्जनाशी तुलना व्हावी इतका हा आकडा आहे. फरक एवढाच, की विमानाने जाणाऱ्याला पर्याय असतो आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईला बहुधा नसतो. तेव्हा हा विषय मांडताना तिच्यावर ठपका येणार नाही, ही काळजी प्रत्येक लिहिणाऱ्याने घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे जगात दरवर्षी सुमारे तीस लाख माणसे अकाली दगावतात. चुलीचा पहिला आणि सर्वांत मोठा भुर्दंड तिच्यापुढे बसणारीच भरते.

लाकूड जाळल्याने वातावरणाचे नुकसान होत नाही, कारण झाड वाढताना हवेतला जेवढा कार्बन घेते तेवढाच जळताना परत देते, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. लाकूड पूर्णपणे जळले आणि तोडलेल्या झाडाच्या जागी तेवढेच झाड पुन्हा वाढले, तर तो बरोबर ठरतो. साध्या चुलीत पहिली अटच पाळली जात नाही. डोळ्यांत पाणी आणणारा धूर म्हणजे अर्धवट जळलेले जळण होय. त्यात मिथेन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि काजळीचे सूक्ष्म कण असतात. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालाप्रमाणे मिथेनचा तापवणारा परिणाम शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, तर वीस वर्षांच्या मोजणीत सुमारे ८० पट असतो. काजळी हवेत काही दिवस किंवा फार तर आठवडेच टिकते, पण तेवढ्या काळात ती सूर्याची उष्णता जोरात शोषून घेते, आणि घरगुती चुली हा तिचा जगातील एक प्रमुख स्रोत आहे.

या बाबतीत सर्वांत मोलाचे काम आपल्याच देशातील चुलींवर झाले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी लाकूड, शेणी, पिकांचे अवशेष, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस अशी वेगवेगळी इंधने निरनिराळ्या चुलींत जाळून बाहेर पडणारे वायू मोजले आणि तो अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष तेव्हा अनेकांना पटला नव्हता. अर्धवट जळलेले वायू हिशेबात घेतले, तर तेलविहिरीतून येणारा गॅस कित्येकदा चुलीतल्या लाकडापेक्षा हवामानाला कमी तापदायक ठरतो, असे त्यातून दिसले. शेणी सर्वांत वाईट ठरल्या.

हा हिशेब सोलापूरच्या एका घरापुरता करून पाहता येतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधला गॅस जळला की सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो (शुद्धीकरण आणि वाहतुकीचे उत्सर्जन वेगळे). गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला मिळते. साध्या चुलीत ती जेमतेम १५ टक्के मिळते, बाकीची आजूबाजूला जाते. त्यामुळे एका सिलिंडरवर होणारा स्वयंपाक चुलीवर करायचा झाला तर सुमारे दीडशे किलो वाळलेले लाकूड लागते. त्यातून अडीचशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि पाऊण किलोच्या आसपास मिथेन बाहेर पडतो. वीस वर्षांच्या मोजणीने हा पाऊण किलो मिथेन एकटाच साठ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. म्हणजे सगळे लाकूड पुन्हा उगवले असे मानले, तरीही येत्या वीस वर्षांपुरते गॅसचे उत्सर्जन कमीच राहते. शंभर वर्षांच्या मोजणीत मात्र पूर्ण उगवणारे लाकूड गॅसपेक्षा सरस ठरू शकते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या मोजणीत खरा प्रश्न लाकूड कुठून येते हाच असतो.

आपल्या जिल्ह्यात ते मुख्यतः वेड्या बाभळीचे असते. ही बाभूळ माळावर, ओढ्याकाठी आणि पडीक रानात आपोआप माजते, तोडली तरी बुडातून पुन्हा फुटते. शिवाय तुराट्या, ज्वारीची धसकटे, उसाचे पाचट आणि गोवऱ्या आहेतच. म्हणून सोलापूरच्या चुली जंगल खाऊन टाकत आहेत असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. वरील २०१५ च्या अभ्यासात जगभरच्या सरपणापैकी सुमारे २७ ते ३४ टक्के तोड पुन्हा भरून न येणारी असल्याचे म्हटले आहे, पण तो आकडा दरेक तालुक्याला सारखा लावता येत नाही. आपल्याकडचा दोष झाडतोडीपेक्षा अपुऱ्या ज्वलनात अधिक आहे, आणि पावसाळ्यात ओल्या फाट्या व दमट गोवऱ्या जाळाव्या लागतात तेव्हा तो दुपटीने जाणवतो. शेण जाळण्यात आणखी एक तोटा आहे. जे शेतात खत म्हणून जायला हवे ते चुलीत जाते आणि त्याची भरपाई रासायनिक खताने करावी लागते.

आता गॅसजोडण्यांविषयी. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबाद येथे देण्यात आली, आणि आज जोडण्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. एवढ्या थोड्या काळात एवढ्या घरांत गॅस पोहोचवणे ही मोठी कामगिरी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु जोडणी म्हणजे वापर नव्हे. उज्ज्वलाचे कुटुंब २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरून घेत होते. अनुदान वाढल्यावर ते प्रमाण साडेचारच्या आसपास आले. पाच माणसांचे घर संपूर्ण गॅसवर चालवायचे तर वर्षाला आठ-दहा टाक्या लागतात. मधला फरक कोण भरून काढते, याचे उत्तर परसदारी रचलेल्या सरपणाच्या ढिगाकडे पाहिले की मिळते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरवले, त्याचाही उपयोग झाला. तरीही चूल विझलेली नाही, आणि ती का विझत नाही हे पाहायला कुणी स्वयंपाकघरात जात नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

पहिले कारण भाकरी. माझी थोरली वहिनी मंगळवेढ्याजवळच्या गावात राहते. तिच्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे, तिच्यावर चहा होतो, भाजी होते, वरण शिजते. भाकरीची वेळ झाली की ती परात उचलून मागच्या पडवीत चुलीपुढे जाऊन बसते. मालदांडीचे पीठ, मोठा लोखंडी तवा, खाली पसरलेला जाळ. थापलेली भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग तवा बाजूला सारून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवायची. गॅसचा बर्नर तव्याच्या मध्यावर तापतो आणि कडा कच्च्या राहतात, असे ती सांगते, आणि शेतावरच्या माणसांसकट सगळ्या घराच्या भाकरी एका बर्नरवर करायच्या तर अर्धी सकाळ तिथेच जाते. तिच्या म्हणण्यात हट्ट नाही, अनुभव आहे. तिच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरी असेच चालते. कडक भाकरी करून शहरात विकणाऱ्या बचत गटांतल्या बाया तर मंद आचेवर तासन् तास बसतात. त्यांच्या दिवसभराच्या धुराची दखल घरगुती इंधनाच्या आकडेवारीत येत नाही आणि उद्योगाच्या आकडेवारीतही येत नाही.

इथिओपियाचे उदाहरण या संदर्भात मला महत्त्वाचे वाटते. तिथे इंजेरा नावाची रुंद, आंबवलेली भाकरी हे रोजचे अन्न आहे आणि घरातल्या जळणाचा मोठा हिस्सा तिलाच लागतो. साध्या सुधारित चुलींवर ती होत नाही, हे ओळखून तिथे केवळ इंजेरासाठी ‘मिर्त’ नावाची सिमेंटची वेगळी चूल तयार करण्यात आली आणि तिने उघड्या विस्तवाच्या तुलनेत जळणात मोठी बचत केली. आपल्याकडे ज्वारीची भाकरी निम्म्या महाराष्ट्राचे अन्न असूनही, रुंद तव्याला सगळीकडून सारखी आच देणारा आणि फुगवण्यासाठी बाजूने धग देणारा घरगुती बर्नर सरकारी योजनेतून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, शेगड्या तयार करणारे कारागीरही आहेत. हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

दुसरे कारण आंघोळीचे पाणी. याकडे तर कोणाचेच लक्ष नाही. पाच माणसांसाठी शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचे, तर चुलीवर सुमारे साडेतीन किलो लाकूड लागते. तेच गॅसवर तापवले तर महिन्याला सिलिंडरचा दोनतृतीयांश भाग केवळ आंघोळीत संपेल. कुठलेही कष्टकरी कुटुंब ते करणार नाही. म्हणून स्वयंपाक गॅसवर गेलेल्या घरांतही अंगणातली चूल राहते, आणि शहराच्या पूर्व भागातल्या काही गल्ल्यांतून थंडीच्या सकाळी गेले की बंबाचा धूर नाकाला लागतो. वर्षातले आठ-नऊ महिने लख्ख ऊन असलेल्या जिल्ह्यात पाणी तापवायला लाकूड जाळावे लागणे हे आपल्या नियोजनाचे अपयश आहे. घरकुलाच्या प्रत्येक योजनेत शौचालय आणि वीजजोडणी जशी धरली जाते, तसा लहानसा सौर बंब धरला पाहिजे. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांची तीस हजार घरांची वसाहत उभी राहत आहे. अशा ठिकाणी एका वेळी, एका खरेदीत हे काम स्वस्तात होऊ शकते.

तिसरे कारण ऊसतोड. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगर अशा भागांतून टोळ्या इथे येतात आणि गाळप संपेपर्यंत राहतात. या कुटुंबांपैकी पुष्कळांच्या नावावर गॅसजोडणी आहे, पण शेगडी आणि टाकी गावाकडच्या कुलूपबंद घरात असते. इथे फडाजवळ कोपी पडते. उसाच्या पाचटाने शाकारलेली ती खोप माणूस वाकल्याशिवाय आत जाऊ शकत नाही इतकी ठेंगणी असते. बाई पहाटे तीन-चारला उठून तीन दगडांवर भाकरी करते. जळण म्हणजे वाटेत मिळालेल्या काटक्या आणि दवाने ओले झालेले पाचट. ते पेटता पेटत नाही, फुंकणीने फुंकावे लागते, आणि धूर कोपीत कोंडतो, जिथे तिचे लेकरू झोपलेले असते. अपुऱ्या ज्वलनाचे याहून वाईट उदाहरण शोधून सापडणार नाही. शेजारच्याच कारखान्यात उसाचे चिपाड उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून सहवीजनिर्मिती होते आणि ती हरित ऊर्जा म्हणून गणली जाते. तो ऊस तोडणाऱ्या हातांना मात्र स्वच्छ जाळ मिळत नाही.

या प्रश्नाला उपाय आहे आणि पैसाही आहे. पाच किलोचे सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतात, पण त्यांना अनुदान नाही आणि किलोमागे ते महाग पडतात. उज्ज्वलाचे अनुदान स्थलांतराच्या काळात या लहान टाकीवर लागू केले, तर अडचण बरीच सुटेल. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये घेण्याचा निर्णय झालेला आहे. त्या निधीतून प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे, हंगामापुरती एक शेगडी आणि दोन लहान टाक्या देणे अवघड नाही. टाक्या भरून देण्याचे केंद्र कारखान्याच्या गट कार्यालयात ठेवता येईल.

जुन्या अनुभवाचा एक धडा इथे नोंदवणे आवश्यक आहे. १९८३-८४ पासून २००२ पर्यंत देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास निर्धूर चुली बसवल्या गेल्या. अनेक ठिकाणी एक-दोन वर्षांत धुराडे फुटले, वैल बुजला आणि दुरुस्तीला कोणी आले नाही. शिवाय धुराडे धूर घराबाहेर काढते, नाहीसा करत नाही. स्मिथ यांच्या मोजणीत तर असेही दिसले, की काही सुधारित चुलींत भांड्याला उष्णता जास्त मिळूनही जळण नीट पेटत नव्हते आणि अर्धवट जळलेले वायू वाढत होते. तेव्हा ‘निर्धूर’ हे नाव पाहून उत्सर्जन कमी झाले असे गृहीत धरता येत नाही. ते मोजावे लागते.

मोजणीवर माझा एवढा भर असण्यास आणखी एक कारण आहे. विकसनशील देशांत चुली वाटून त्याबद्दल कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन घटवल्याचे विकता येणारे प्रमाणपत्र, मिळवण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच संशोधकांनी अशा प्रकल्पांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत प्रत्यक्ष घटीच्या सुमारे नऊपट क्रेडिट दाखवले गेल्याचे आढळले. नवी चूल कोपऱ्यात पडून राहणे आणि जुनी चालूच राहणे, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण होते. असा प्रकल्प आपल्या जिल्ह्यात कोणी आणला, तर त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मराठीत ठेवला गेला पाहिजे आणि मिळणाऱ्या पैशातला वाटा त्या चुलीपुढे बसणाऱ्या घराला मिळाला पाहिजे.

विजेच्या शेगडीचा पर्याय पुढचा आहे. आज देशातील एक युनिट वीज सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर केला तर उत्सर्जन ८५ किलोच्या घरात, म्हणजे गॅसच्या दुप्पट जाते. सौर वीज वाढेल तसा हा आकडा उतरेल, आणि निम्म्याहून अधिक गॅस आपण आयात करतो हे लक्षात घेता ती दिशा योग्यच आहे. गोबर गॅस उत्तम, पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. सांगोला-मंगळवेढ्याच्या उन्हाळ्यात ते पाणी सगळ्यांकडे नसते. जिथे ओलिताची शेती आणि चार-पाच जनावरे आहेत, त्या पंढरपूर-माळशिरसच्या पट्ट्यात ते जरूर वाढवावे, मात्र गळणारे संयंत्र मिथेनच सोडते, म्हणून बांधकामाइतकाच दुरुस्तीचा खर्च धरावा. पाचटाच्या बाबतीत पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, त्यापासून कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले आणि २००२ साली त्याला ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. ज्या जिल्ह्यात एवढे पाचट दरवर्षी शेतातच पेटवून दिले जाते, तिथे ते तंत्र रुजू नये याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी जिल्हा प्रशासनाला आणि जिल्हा परिषदेला विनंती अशी, की येत्या हिवाळ्यात प्रत्येक तालुक्यातील काही गावे निवडून आशाताई आणि बचत गटांच्या मदतीने घरोघरचे जळण मोजावे. ‘तुमच्याकडे गॅस आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. भाकरी कशावर होते, आंघोळीचे पाणी कशावर तापते, महिन्याला सरपण किती किलो लागते आणि टाकी किती दिवसांनी संपते, हे विचारावे, आणि शक्य तिथे वजनकाट्याने पाहावे. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांची मोजणी त्यात वगळू नये, कारण त्या कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. ही माहिती हाती आली की भाकरीच्या बर्नरसाठी, सौर बंबासाठी आणि लहान टाक्यांच्या अनुदानासाठी राज्याकडे मागणी करताना जिल्ह्याला आधार मिळेल. कोप्यांपुरता निर्णय मात्र पाहणीची वाट न पाहता, पुढच्या गाळप हंगामाचे परवाने देताना साखर आयुक्तालयाने करावा आणि स्वच्छ इंधनाची सोय ही परवान्याची अट म्हणून घालावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर